पेटी फाटकाबाहेर

"काढलं की सोडलं?" बेकारी भत्त्याच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"काढलं," मिस्त्री म्हणाला.

"कारखाना तर म्हणतो, स्वतःहून सोडलं. सोडणाऱ्याला भत्ता नाही मिळत."

"अहो बाई, घरात दोन पोरं, आईचा पाय मोडलेला. अशात कोण काम सोडेल?"

"मग मुकादमाला सांगा, काढलं असं कळवायला." बाई हे मायेने बोलल्या, त्यामुळे तो आणखीच खचला.

फर्निचरच्या त्या कारखान्यात एक जुनी रीत होती. सुतार हत्यारं स्वतःची आणायचा, पण पेटी कायम कारखान्यातच ठेवायची. ज्याने पेटी फाटकाबाहेर नेली, त्याने काम सोडलं. ना भांडण, ना निरोप. मिस्त्रीने स्वतःच कित्येकांना तसं जाताना पाहिलं होतं.

पण त्या दुपारी बायकोचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती, आतून कडी लागलेली. दाराला लात घालावी, तर ते म्हातारीच्याच अंगावर जायचं. दाराची फळी कापून आत हात घालायला हवा होता. मिस्त्रीने पेटी उचलली आणि तो धावत सुटला. रीतबीत कुणाला आठवते अशा वेळी!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेटी घेऊन परतला, तर मुकादमाने फाटकातच अडवलं. कारखान्याला माणसं कमी करायचीच होती आणि हा आयताच सापडला होता.

खिडकीवरून मिस्त्री तडक त्याच फाटकावर गेला.

"मुकादम, काम नका देऊ. फक्त काढलं म्हणून कळवा."

"अरे, काढायला कारण लागतं. तुझ्या कामात काय खोट दाखवू मी?"

"आई पडली होती, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. पण पेटी तूच नेलीस ना? काढलं म्हणालो तर वरचे माझ्यावर उखडतील. मलाही पोरंबाळं आहेत रे."

मिस्त्रीने त्याचे पाय धरले. आतला रंधा थांबला, कुणीतरी खोकलं, आणि रंधा पुन्हा सुरू झाला. बाहेर कुणी आलं नाही. त्यांच्या जागी आपणही आलो नसतो, हे त्याला कळत होतं आणि तेच सहन होत नव्हतं.

घरी आईच्या उशाशी शेजारीण बसली होती.

"हातातलं काम टाकून पळत आला हो माझ्यासाठी," आई तिला कौतुकाने सांगत होती. "तेव्हापासून घरीच आहे. रजा घेतलीस ना रे?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्याचा चेहरा पाहून ती आत वळली.

"हो आई, रजाच."

"किती दिवस?"

"तू चालायला लागेपर्यंत."

म्हातारी लहान मुलीसारखी हसली. "मग बाई, मी सावकाशच बरी होते."