उजव्या गुडघ्याचं उत्पन्न

माझ्या साडूला सगळं कळतं. घर कधी घ्यावं, दात कुठे बसवावेत, मुलांना काय शिकवावं. यातलं त्याने स्वतः काहीच केलेलं नाही, त्यामुळे त्याचा सल्ला कायम ताजा असतो. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बसत चाललंय हे ऐकल्यावर त्याने तोंडातला घास गिळायच्या आत सांगितलं, की वेबसाइट काढ. मशीनबद्दल तुला जे येतं ते लिहून टाक, पानाच्या कडेला जाहिराती आपोआप येतील आणि तू झोपलेला असताना पैसे जमा होतील. मी वीस वर्षं जागा राहून कमावत होतो. मला माझीच लाज वाटली.

या धंद्याची रीत अशी. जाहिरातींची एक कंपनी असते. तिचा संगणक तुमच्या पानावरचे शब्द वाचतो आणि त्या शब्दांना शोभेल अशी जाहिरात शेजारी लावतो. वाचणाऱ्याने ती दाबली की जाहिरात देणारा कंपनीला पैसे मोजतो आणि त्यातले थोडे तुमच्याकडे सरकतात. किती, ते शब्दावर अवलंबून. काही शब्द महाग, काही फुकटे. माझे सगळे फुकटे निघाले.

मी जीव ओतून लिहिलं होतं. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, जुन्या मशीनला तेल कुठे आणि किती घालावं. ‘हे मशीन फेकू नका, अजून तीस वर्षं चालेल’ असं मी लिहिलं की नेमकी त्याच्या शेजारी जाहिरात यायची, ‘जुनं द्या, नवं घ्या’. वर्षभराची कमाई मोजली तर कोपऱ्यावरच्या दुकानातले अकरा चहा झाले असते. तेही झाले नाहीत, कारण ठरावीक रक्कम साठल्याशिवाय कंपनी एक पैसा पाठवत नाही. बायको सकाळी चहा पुढ्यात ठेवताना रोज न चुकता विचारायची, “आज झोपेत किती मिळवलंत?”

आता बाबांकडे येतो. माझे बाबा शिंपी. चाळीस वर्षं पायमशीन चालवलं आणि त्याची सगळी वसुली उजव्या गुडघ्याने केली. मशीन सुटलं तसे बाबा घरात पाहुण्यासारखे वागायला लागले. ताटात एकदा वाढलेलं संपवायचे आणि उठायचे. कितीही आग्रह केला तरी पुन्हा वाढून घ्यायचे नाहीत. कमावत नाही म्हणून, हे आम्हाला कळायचं. पण बोलून दाखवायची हिंमत कोणाची नव्हती.

डॉक्टरांनी गुडघा दाबून, वळवून पाहिला आणि म्हणाले, अजून वाचेल. रबरी पट्टा बांधून तीन महिने रोज व्यायाम करायचा, व्यायाम शिकवणाऱ्या बाई दाखवतील तसा. नाही केला तर ऑपरेशन. आणि बाबांचं वय आणि हृदय पाहता ऑपरेशनचं नाव डॉक्टरांना घ्यावंसं वाटत नव्हतं. झालंच तर पुन्हा चालतील की नाही, सांगता येत नाही म्हणाले.

त्याच सुमारास माझे मशीनचे विषय संपले होते. म्हणून मी पायमशीन चालवणाऱ्यांच्या गुडघ्यावर एक पान लिहिलं. हेतू अगदी साधा होता, स्टूल किती उंच असावं ते सांगायचं. आठवड्याने कमाई पाहिली आणि मला वाटलं आकड्यातलं दशांशचिन्ह सरकलंय. तीनदा पाहिलं. पानावर इस्पितळं, तेलं, मलमं, विमा, काठ्या, खुर्च्या, सगळा बाजार भरला होता. इस्पितळाची जाहिरात कोणी एकदा दाबली की दोरा तुटण्याच्या पानाने सहा महिन्यांत जेवढे दिले तेवढे पैसे येत होते.

मग दर रविवारी मी वही घेऊन बाबांसमोर बसायला लागलो. ते सांगायचे, मी लिहायचो. कळ कुठून निघते, ठणका किती वाजता सुरू होतो, जिना उतरताना जास्त की चढताना. बाबांना शिंप्याची सवय, मापात बोलायचे. दुखणं वाटीपासून चार बोटं खाली आणि एक बोट आत. लिहिलेलं पान मी त्यांना वाचून दाखवायचो, कारण बारीक अक्षर त्यांना दिसत नसे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि चुकलेली बोटं दुरुस्त करायचे. संध्याकाळी हळूच विचारायचे, “गुडघ्याचं आज किती झालं?” मी आकडा सांगायचो. त्या रात्री ते भात पुन्हा वाढून घ्यायचे.

आणि अखेर कंपनीकडून पैसे आले, खरेखुरे, बँकेत. बायकोने त्यातून नवीन गादी घेतली. बाबांनी ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. मला इतका आनंद झाला होता की बाकी काही दिसेनासं झालं.

साडू श्रेय घ्यायला लगेच हजर झाला. गादीवर बसून त्याने नवीन ज्ञान दिलं, की व्यायाम हा शब्द स्वस्त आणि ऑपरेशन हा महाग. खरंच होतं ते. ‘व्यायामाने गुडघा बरा होतो’ हे माझं पान उपाशी मरत होतं. माणूस घरी बसून फुकटात पाय वाकवतो, त्यात कमवायचं कोणी? ‘ऑपरेशनला किती खर्च येतो’ हे पान मात्र रोज दुभत होतं. मी ऑपरेशनवर आणखी तीन पानं लिहिली. तीही बाबांना वाचून दाखवली, त्यातल्या कोणत्या शब्दाला किती येतात याच्यासकट.

तीन महिन्यांनी बाबांना घेऊन व्यायामाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी पाय वाकवून पाहिला. बाबांनी ओठ दाबला. रोज करता ना, असं बाईंनी विचारलं. दिवसातून तीनदा, बाबा म्हणाले. बाईंनी मला बाहेर बोलावलं. त्यांच्या हातात आम्ही सोबत नेलेला रबरी पट्टा होता. घड्या तशाच होत्या आणि टोकाला किमतीची चिठ्ठी चिकटलेली होती.

“हा एकदाही ताणलेला नाही,” त्या म्हणाल्या. “अजून महिनाभर वेळ आहे. त्यानंतर माझ्याकडे आणू नका, सर्जनकडे न्या.”

घरी येईपर्यंत मी धुमसत होतो. दार लावल्या लावल्या बाबांवर ओरडलो. लहान आहात का, खोटं का बोललात, पाय गमवायचाय का, तोंडाला येईल ते. ते म्हणाले, विसरलो. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप न विसरलेला माणूस. मी पट्टा त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी त्याची पुन्हा व्यवस्थित घडी केली.

“बरा झाला असता तर तू लिहिलं काय असतंस?” ते म्हणाले.

तीन महिन्यांत बारा रविवार मी त्यांना कुठे दुखतं ते विचारलं होतं. व्यायाम केलात का, हे एकदाही विचारलं नव्हतं. सुचलं नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं, पण तेवढं खरं नाही. गुडघा बरा झाला तर पुढच्या महिन्याचं काय, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता आणि मी त्याला हाकललं नव्हतं.

बायको दारात उभी होती. झोपेतल्या कमाईबद्दल आज तिने काही विचारलं नाही.

मी संगणकासमोर बसलो आणि बाबांच्या दुखण्याची आणि ऑपरेशनची सगळी पानं काढून टाकली. फक्त ऑपरेशनच्या खर्चाचं पहिलं पान राहू दिलं. खोटं कशाला बोलू, माझा हात तेवढा धजला नाही. मग परत येऊन बाबांना सांगितलं की तुमच्या गुडघ्यावर यापुढे एक अक्षर लिहिणार नाही, त्याचा एक पैसा मला नको, मला तुम्ही चालायला हवेत. चालतं दुकान मी कुलूप लावून बंद करतोय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी जमिनीवर बसलो. पट्ट्याची चिठ्ठी काढली, पट्टा त्यांच्या पायाला बांधला आणि मोजायला लागलो. पाचव्या वेळी त्यांच्या कपाळावर घाम आला, सातव्या वेळी त्यांनी खुर्चीचा हात धरला, पण थांबले नाहीत. दहा झाले. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी मान वर केली नाही. त्यांना वाटलं मी बुडालेल्या कमाईचं दुःख करतोय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात माझी समजूत घातली.

“हा करू बरा. तू जिवाला लावून घेऊ नकोस. डावा आहे अजून.”