शांतता पॉइंट

"एकटा? मी?" बळवंत फोनवर इतक्या जोरात हसला, की आढ्यावरचं कबूतर फडफडत बाहेर पळालं. "अगं कीर्ती, रविवारी येऊन बघ एकदा. अंगणात पाय ठेवायला जागा नसते. मुंबईचे, नाशकाचे, वापीचे. म्हणतात, काका, तुमची वाडी बघितल्याबिगर आमी केळवे-माहीम सोडणार नाय. मीच कंटाळतो बोलून बोलून."

पलीकडे बोईसरला, तिसऱ्या मजल्यावर, त्याची लेक म्हणाली, "बरं झालं. या रविवारी मी आणि हितेश येतोच. तुमी म्हणता तशी माणसं दिसली तर राहा तिथेच, मी परत तोंडातून बोईसरचा ब काढणार नाय. नाय दिसली, तर बॅग भरायची आणि आमच्या गाडीत बसायचं. कबूल?"

फुशारकी मारून बसलेल्या माणसाला कबूल म्हणण्याशिवाय इलाज नसतो. बळवंत म्हणाला, "कबूल." फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आज शुक्रवार.

खरं सांगायचं तर त्या वाडीत बाहेरचं माणूस एकदाच आलं होतं. तेही मागच्या महिन्यात, आणि तेही उलटं. म्हणजे गाडी वळवायला जागा हवी म्हणून कुणीतरी मागे घेत घेत फाटकातून आत आला. बळवंत पंचा सावरत धावला. ड्रायव्हरने काच अर्धी खाली करून विचारलं, "स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट कुठंय?"

"पुढे डावीकडे. पण आमची विहीर बघून जा की! दगडी हाय, पणज्याच्या वेळची..."

विहीर हा शब्द काचेला आपटून परत आला. गाडी निघून गेली होती.

माई, म्हणजे बळवंतची बायको, गेल्यापासून घरात बोलणारा आवाज एकच होता, तो पंपाचा. सकाळी पानवेलींना पाणी सोडलं की तो धडधडायचा आणि बळवंत त्याला म्हणायचा, "झालं का तुझं सुरू?" शेजारीपाजारी नव्हते असं नाही. पलीकडे काशीबाई होती, पण ती दिवसभर मालिका बघायची. नाक्यावर मांडव डेकोरेशनवाला अण्णा होता, पण त्याच्याकडे जाऊन बसलं की तो फोनकडे बघत "हं, हं" करायचा. एकदा बळवंतने मुद्दाम सांगून बघितलं, "अण्णा, काल रात्री वाडीत हत्ती आला." अण्णा म्हणाला, "हं."

तरी हे घर सोडून बोईसरला जाणं त्याला नको होतं. इथे निदान पंप तरी ओळखीचा होता.

त्या रात्री त्याने पर्यटनाचा सखोल विचार केला. लग्नानंतर माईला घेऊन तो माथेरानला गेला होता. तिथे काय होतं? दरी. पुढच्या वळणावर? तीच दरी, दुसऱ्या बाजूने. पण प्रत्येक ठिकाणी पाटी होती, अमुक पॉइंट, तमुक पॉइंट, आणि पाटी दिसली की माणसं घोड्यावरून उतरून आ वासून बघत होती. बळवंतला कळलं. आपल्या वाडीत बघण्यासारखं सगळं आहे, फक्त पॉइंट नाहीत.

शनिवारी त्याने पत्र्याचे तुकडे काढले आणि ब्रश घेतला. विहिरीपाशी 'विहीर पॉइंट' लागला. सुपारीच्या झाडांखाली 'सुपारी पॉइंट (वर बघू नये)', कारण सुपारी डोक्यात पडते. दक्षिणेच्या कुंपणावर 'मुंबई पॉइंट'. खाली बारीक अक्षरात, 'इथून मुंबई दिसत नाही. हेच इथलं सुख.' मागच्या पडवीजवळ एक दगड होता. त्यावर बसून माई संध्याकाळी पानांची चळत लावायची. तिथे काय लिहावं हे त्याला बराच वेळ सुचेना. शेवटी त्याने लिहिलं, 'शांतता पॉइंट'. आणि चळत लावल्यासारखा हात दगडावरून फिरवून उठला.

आता पाहुणे बसणार कुठे? त्याने अण्णाच्या गोदामात फोन लावला. अण्णा सफाळ्याला लग्नाच्या मांडवावर होता, फोन जिवल्याने उचलला. जिवल्या टेम्पो चालवायचा.

"खुर्च्या पाठव उद्या सकाळी. अंगणात ओळीने लाव."

"मांडव, काका?"

"मांडव नको. नुसत्या खुर्च्या." केळव्याच्या रिसॉर्टात त्याने बघितलं होतं, शहरातली माणसं उघड्या आभाळाखाली खुर्ची टाकून बसतात आणि त्याचे वेगळे पैसे देतात.

"मांडव नको?" जिवल्याने परत विचारलं.

"नको म्हणतो ना!"

जिवल्या हळू आवाजात म्हणाला, "बरं काका. लावतो." आणखी काही विचारलं नाही. घराघरांतल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

इथे गावची एक रीत सांगायला हवी. या किनाऱ्याला शुभकार्य म्हटलं की आधी मांडव येतो, तोरण येतं, मग खुर्च्या. खुर्च्या आल्या आणि मांडव आला नाही, तर त्याचा अर्थ एकच. घरात कुणीतरी गेलं. निरोप धाडावा लागत नाही. लोक खुर्च्या बघतात, घरी जातात, पांढरे कपडे घालतात आणि येऊन बसतात. ही रीत बळवंतला पाठ होती. माईच्या वेळी याच अंगणात त्याने ती बघितली होती. पण आदल्या रात्रीपासून तो स्वतःच्या वाडीकडे वापीच्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होता, आणि वापीच्या डोळ्यांना हे दिसत नाही.

रविवारी सकाळी खुर्च्या आल्या. बळवंतने पाहुण्यांना आपलेपणा वाटावा म्हणून दार सताड उघडं टाकलं, डासांसाठी उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा लावला आणि स्कूटर काढून समुद्रावर पर्यटक आणायला निघाला.

उघडं दार, आत कुणी नाही, अंगणात खुर्च्या, उदबत्तीचा धूर. काशीबाईने कुंपणावरून हे बघितलं. त्या घरात जाण्यासारखं माणूस एकच उरलं होतं. तिने मालिका बंद केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

किनाऱ्यावर बळवंतचं काही जमेना. उंटावर बसलेल्या बाईला त्याने खालून सांगितलं, "मॅडम, विहीर पॉइंट बघितला काय?" उंट पुढे गेला. भेळ खाणाऱ्या कुटुंबाने त्याला रिकामी पुडी दिली, त्यांना वाटलं कचरा गोळा करणारा आहे. दोन पोरं सेल्फी काढत होती. त्यांनी "काका, जरा बाजूला" म्हटलं आणि तो बाजूला झाला. फार वेळ बाजूलाच उभा राहिला.

मग देव धावून आला. एका पांढऱ्या गाडीच्या चाकांना लाटा लागतानाचा फोटो काढायचा म्हणून चिराग नावाच्या तरुणाने ती गाडी थेट ओल्या वाळूत नेली होती. आता चाकं रुतली होती आणि भरती चढत होती. त्याची बायको मेघाली चपला हातात धरून त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत होती.

"ट्रॅक्टर मिळेल का अंकल?" चिरागने विचारलं.

"मिळेल की," बळवंत गाडीला टेकून म्हणाला. "पण आधी सांगा, वाडी बघायला येणार?"

"कसली वाडी?"

"पॉइंट हायत. चार. विहीर, सुपारी, मुंबई आणि शांतता."

"अंकल, गाडी बुडतेय!"

"मी कुठे नाय म्हणतोय?"

"चिराग, हो म्हण!" मेघाली किंचाळली. "अंकल, गाडी बाहेर आली तर आम्ही तुमचे चाळीस पॉइंट बघू."

ट्रॅक्टर आला. बळवंतने मागून खांदा लावला. एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली आणि खिशातला फोन, नेमका तेव्हा वाजत असलेला, खारं पाणी पिऊन गप्प झाला. गाडी मात्र निघाली. ओलाचिंब बळवंत स्कूटरवर पुढे आणि पांढरी गाडी मागे, अशी वरात माहीमच्या रस्त्याने निघाली. दोनच पाहुणे, पण पाहुणे! कीर्तीला सांगता येईल, बाकीचे आताच गेले.

फाटकाशी आला आणि त्याने ब्रेक दाबला. अंगण भरलं होतं.

एकही खुर्ची रिकामी नव्हती. माणसं ओट्यावर बसली होती, विहिरीच्या कठड्याला टेकली होती, सुपारीखाली उभी होती. क्षणभर बळवंतला वाटलं, ओरडून कीर्तीला दाखवावं. मग त्याला दिसलं, सगळे ओळखीचे आहेत. आणि सगळे पांढऱ्यात.

सगळ्यांची तोंडं घराच्या दाराकडे होती. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटच्या ओळीतला एक जण तंबाखू थुंकायला उठला, तशी बळवंत हळूच त्याच्या खुर्चीत बसला. शेजारी अण्णा होता. फोनमध्ये बघत.

"काय झालं रे?" बळवंतने दबक्या आवाजात विचारलं.

"बळवंत गेला," अण्णा मान वर न करता म्हणाला.

"कधी?"

"सकाळी. पालघरला नेलाय वाटतं दवाखान्यात. तुला नाय कळलं?"

"मला आता कळतंय."

"हं," अण्णा म्हणाला. मग कधी नव्हे तो त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला. "बोलायचा फार. डोकं खायचा. पण रोज यायचा दुकानात. आता कोण येणार?" आणि त्याने नाक पुसलं.

पुढे काशीबाई बायकांना सांगत होती, "पंपाशी बोलायचा गं. मला ऐकू यायचं. जावं म्हटलं कितींदा, चहा द्यावा. पण नेमकी मालिका लागायची."

बळवंतने हे सगळं ऐकलं. उठून पुढे जावं असं त्याला वाटेना. माई गेल्यापासून पहिल्यांदाच इतकी माणसं त्याच्याविषयी एकदम बोलत होती, आणि त्याला फक्त गप्प बसायचं होतं. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर तो नक्कीच बसला असता.

"अंकल!" फाटकातून मेघालीचा खणखणीत आवाज आला. "शांतता पॉइंट कुठंय?"

सगळं अंगण मागे वळलं. काशीबाईने अशी किंकाळी फोडली की सुपारीवरचे पक्षी उडाले. अण्णाने शेजारी बघितलं आणि खुर्चीसकट मागे पडला. तेवढ्यात ओट्यावरून कीर्ती धावत आली. रडून तिचे डोळे सुजले होते. काशीबाईचा फोन आल्यापासून ती आणि हितेश वाऱ्यासारखे आले होते, आणि बापाचा फोन लागत नव्हता. तिने आधी बळवंतला मिठी मारली, मग दंडावर एक सणसणीत चापट मारली, मग परत मिठी मारली.

"खुर्च्या कुणी मांडल्या?" तिने विचारलं.

"मीच. पाहुण्यांसाठी." मग त्याने एक शेवटचा प्रयत्न करून बघितला. "बघ, मी बोललो होतो ना? पाय ठेवायला जागा नाय."

"मेल्यावर आलेत, बाबा."



जिवंत माणसाच्या अंगणात कोण थांबतो? "मी डाळ गॅसवर ठेवून आलेय," असं म्हणत एक गेली. "दुकान बंद केलं उगाच," म्हणत दुसरा. अण्णा कंबर चोळत म्हणाला, "बळवंत, निदान सांगायचं तरी," आणि खुर्च्या एकात एक घालायला लागला. तो गेला तेव्हा फोन परत त्याच्या हातात होता. चिराग आणि मेघालीने विहिरीत डोकावून बघितलं. चिराग म्हणाला, "पाणी आहे." मग तेही गेले.

अंगणात कीर्ती, हितेश आणि खुर्च्यांच्या पायांनी पडलेले वळ उरले.

"उद्या खरंच काय झालं," कीर्ती म्हणाली, "तर खुर्च्या मांडायला तरी कोण हाय इथे? मला कळणार कसं?"

बळवंत आत गेला आणि बॅग भरू लागला.

बोईसरला कीर्तीची सोसायटी नवी होती. एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या इमारती. लेक आणि जावई सकाळी कामाला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. दिवसभर बळवंत फ्रिजचा आवाज ऐकायचा. फ्रिजशी बोलून बघितलं त्याने, पण जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो पाय मोकळे करायला खाली उतरला, परत वर आला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या दारातून आत शिरला. आत अनोळखी जोडपं होतं. नवरा कंपनीत रात्रपाळी करायचा. दोघंही धडपडून उभे राहिले.

"आइए, आइए बाबूजी," बाई डोक्यावर पदर घेत म्हणाली.

त्यांनी त्याला सगळं घर दाखवलं. स्वयंपाकघर दाखवलं. गळणारा नळ दाखवला, आणि तो त्यांनी बिघडवलेला नाही हेही सांगितलं. बाथरूममधली ओल दाखवली. गॅलरीत नेलं, तिथून कारखान्याची धुराडी दिसत होती. बळवंतने सगळीकडे मान डोलावली आणि "बहुत अच्छा हाय" म्हटलं. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, पंखा त्याच्याकडे वळवला. इतकं कुणी त्याच्याशी कित्येक दिवसांत बोललं नव्हतं. निघताना त्याने त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरला.

"मैं अब रोज आएगा," तो म्हणाला.

कीर्ती बी विंगमध्ये राहायची. ही सी विंग होती. बळवंतला हे जिन्यातच कळलं, पण दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम तिथेच गेला, त्याच्या पुढच्या दिवशीही गेला. आठवड्याने गेला तेव्हा दाराला कुलूप होतं. वॉचमनने सांगितलं, घरमालकाचा माणूस रोज तपासणीला येतो म्हणून घाबरून त्यांनी खोली सोडली.