पापडाच्या डब्यातलं कॉमिक

कुमुदिनीबाईंच्या तेराव्याच्या पंगतीत, दुसऱ्यांदा लाडू फिरत असताना पुस्तक हरवल्याचं उघड झालं. बदलापुरात स्वतःच्या घरातच लायब्ररी चालवणारी मालिनी दाराशी चुळबुळत उभी होती. कुमुदिनीबाईंचे यजमान विष्णुपंत, त्यांनी तिचंही पान मांडायला सांगितलं.

"जेवते मी, काका. पण काकूंकडे एक पुस्तक राहिलंय."

"कुठलं? पोथी?"

"'सातवें कुएँ का पहरेदार.' कॉमिक आहे. उल्हासनगरहून आणलं त्याच दिवशी काकूंनी नेलं. मागे सात जणांचे नंबर लागलेत."

पंगतीतले हात थांबले. घरात कॉमिक आणायचं नाही, डोकं बिघडतं, हा दंडक विष्णुपंतांचाच. त्यांची मेहुणी उमा ताटात बघत म्हणाली, "भावोजी, ताई दर शुक्रवारी दोन आणायची. सहा वर्षं झाली. तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं."

"तिला कुणी लावली ही सवय?"

"तुम्हीच. बाळच्या दप्तरात सापडलेलं कॉमिक तिला दिलंत ना, बंबात घाल म्हणून? घालायच्या आधी तिनं चाळलं. त्या दिवशी तुम्ही गार पाण्यानं आंघोळ केलीत."

कुमुदिनी लोकांचं पुस्तक बुडवून गेली, असं कोणी म्हणायला नको होतं. पाहुणे गेल्यावर विष्णुपंत स्वयंपाकघरात शिरले. तिथला फक्त माठ त्यांच्या ओळखीचा. मुगाच्या डब्यात साखर निघाली, साखरेच्या डब्यात सुईदोरा. तिसऱ्या दिवशी पापडांच्या खाली पुस्तक सापडलं. एकविसाव्या पानाशी तिची केसांची पिन लावलेली होती.

पानं शाबूत आहेत का, एवढंच बघायला ते बसले. पहिल्याच पानावर एक माणूस चार चौकटींत. विष्णुपंत अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन, एकेका यंत्रभागाची सगळ्या बाजूंनी चित्रं काढणारे. त्यांनी ठरवलं, हा फ्रंट व्ह्यू, हा साइड, हा टॉप. चौथ्या चौकटीत त्या माणसाचा हात दुप्पट लांब दिसला, तेव्हा त्यांनी पेन्सिलीनं समासात लिहिलं, 'माप तपासणे.'

बाळ आता कॉलेजात होता. तो हसून बेजार झाला. "बाबा, एकाच वेळेची चित्रं नाहीत ती. तो आधी बोलतो, मग धावतो, मग ठोसा मारतो."

"आणि मधला वेळ कुठे गेला?"

"तो आपण मनात भरायचा."

सातव्या पानाला विष्णुपंतांचा चहा निवला. बाराव्याला ते ओरडले, "अरे गाढवा, मागे बघ!" शेजारच्या बनूबाई धावत आल्या. विसाव्या पानावर वीर विहिरीत पडला. एकविसाव्यावर पाण्यातून एक हात वर आला, आणि तिथे पिन होती. कुमुदिनीनं एवढंच वाचलं होतं. पुढचं पान उलटायला विष्णुपंतांचं बोट चालेना.

मालिनी आली. "काका, बत्तीस पानांना तीन आठवडे?"

"वाचतोय."

"लोक माझ्या नावानं खडे फोडतायत हो!"

"त्यांना इथे पाठव. पुस्तक घराबाहेर जायचं नाही."

रविवारी सातही जण ओटीवर हजर. विष्णुपंतांनी सगळ्यांना चहा केला; तो कसा झाला हे कोणी बोललं नाही. त्यांतल्या भाजीवाल्या द्रौपदीबाई डोक्यावरची पाटी उतरवून वाचायला बसल्या, त्या पाटीवरची भेंडी सुकली तरी उठेनात. पुस्तक मिटून म्हणाल्या, "पंत, तो पहारेकरी म्हंजे त्याचाच सख्खा..."

"बाई, एक शब्द नाही!" विष्णुपंतांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"आवं, पन तुमी वाचलं न्हाय का?"

त्यांना ऐकूच गेलं नाही, की गेलं, कोण जाणे.

सातही जणांचं वाचून झाल्यावर मालिनीनं पुस्तक मागितलं नाही. विष्णुपंतांनी त्यानंतर तिच्या लायब्ररीतली एक अख्खी फळी वाचून संपवली आहे. त्या पुस्तकाची बाविसाव्यापासूनची अकरा पानं मात्र वाचायची राहिली आहेत.