चुलीपाशी निजवलेले ठोकळे

"टेकू काढायचे नाहीत," सायराकुल एजे म्हणाल्या आणि माझ्या हातातला हातोडा त्यांनी सरळ काढून घेतला.

मी या साइटचा मुकादम. वीस वर्षांत असं करायची कोणाची हिंमत झाली नव्हती. केली ती बिश्केकहून आलेल्या, कानटोपीतून जेमतेम नाक दिसणाऱ्या चौपन्न वर्षांच्या बाईने. पण मोठ्या बहिणीसारख्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना एजे म्हणायचो. त्यामुळे ओरडताही येईना.

एजे राजधानीतल्या एका बांधकाम संशोधन संस्थेत सहायक होत्या. एकोणतीस वर्षं एकच काम: काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि आकडा साहेबांना सांगायचा. अहवालावर सही साहेबांची. या हिवाळ्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं संशोधन मिळालं होतं. कडाक्याच्या थंडीत ओतलेला स्लॅब आतून किती पक्का झालाय, ते आत पुरलेल्या तारांवरून तापमान मोजून सांगायचं. त्यासाठी आम्ही बांधत असलेली नारिन गावची शाळा निवडली होती. त्या तारांवर कपडे वाळत घालू का, असं आम्ही रोज विचारायचो. त्या हसायच्या आणि वहीत आकडे लिहायच्या.

आमचा प्रकल्प व्यवस्थापक एल्दियार धावत आला. वेळापत्रकाचा कागद याच्या खिशात कायम, झोपतानाही असावा.

"एजे, कालच ठोकळे फोडले ना? ताकद सव्वीस आली. टेकू काढायला अठरा पुरते. आता काय अडलंय?"

"माझ्या तारा सांगतात, स्लॅब दहाच्याही खाली आहे."

"म्हणजे अकरा ठोकळे खोटे आणि तुमच्या तारा तेवढ्या खऱ्या?"

"अकरा कसे? स्लॅबबरोबर ओतले तेव्हा बारा होते." एजे माझ्याकडे वळल्या. "जूसुप, कुठे ठेवले होते ते?"

"स्लॅबवरच," मी छातीठोकपणे सांगितलं. नियमच तो. स्लॅबला जी थंडी लागते, तीच ठोकळ्यांनाही लागली पाहिजे, नाहीतर ते फोडून उपयोग काय?

साइटवर स्वयंपाक करणाऱ्या बात्मा आपा किटली घेऊन दारातच उभ्या होत्या.

"दिवसा स्लॅबवर," त्या म्हणाल्या. "अंधार पडला की मी आणायचे आत. चुलीपाशी ठेवायचे, वर लोकरीचा जाड नमदा टाकायचे."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"असे काय बघताय? बाहेर शून्याखाली पंचवीस! कोकरं नाही का आणत आपण घरात? माझी नात याच शाळेत जायची आहे. म्हटलं, तिच्या शाळेचे ठोकळे गारठायला नकोत."

मला हसू आलं नाही. ऐन थंडीत जन्मलेलं कोकरू आमच्याकडे चुलीपाशीच निजतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. आपांचं चुकलं ते एवढंच, की कोकरं आत आणली आणि मेंढी बाहेर ठेवली.

"अकराच आणलेत?" एजेंनी विचारलं.

"अकराच दिसले गं बाई."

एजे स्लॅबवर चढल्या आणि गुडघ्यांवर बसून बर्फ उकरू लागल्या. मीही बसलो. बारावा ठोकळा कोपऱ्यात सळयांच्या मागे सापडला. अंगातला बर्फ उतरेपर्यंत तो खोलीत ठेवला, मग गावातल्या यंत्रावर नेला. काटा नऊवर पोचला आणि ठोकळा शिळ्या नानसारखा चुरला.

एल्दियार पांढराफटक पडला. "काम थांबवायचं तर कोणीतरी लिहून द्यायला हवं. तुमच्या साहेबांना फोन लावू?"

"साहेबांनी इथलं काय पाहिलंय? आण तो कागद."

एजेंनी सही केली. आता ठोकळे उरलेच नव्हते, उरल्या होत्या त्या फक्त त्यांच्या तारा. टेकू केव्हा काढायचे ते त्याच सांगणार होत्या. त्या चुकल्या तर शाळा खाली येणार होती आणि कागदावर नाव एजेंचं होतं. मला त्यांच्यासाठी भीती वाटली.

दुपारपासून गावातली माणसं घरचे नमदे घेऊन यायला लागली. कोणी बोलावलं नव्हतं. आपांनी गावभर रडून सांगितलं होतं. वरून स्लॅब झाकला, खाली ताडपत्र्या बांधून शेगड्या पेटवल्या. नऊ दिवस आम्ही पाळीपाळीने कोळसा घालत होतो.

दहाव्या दिवशी एजेंनी वही मिटली. "ताकद वीस. आधी टेकू बोटभर खाली घ्या, काढू नका. स्लॅब किती वाकतो ते मला मोजू दे."

"आणि फार वाकला तर?" एल्दियारने विचारलं.

"तीन मिलिमीटरपर्यंत वाकेल. त्याहून जास्त नाही."

मी स्लॅबखाली शिरलो. एकेक करून टेकूंचे स्क्रू सैल करत गेलो. शेवटचा सैल केला आणि श्वास रोखून वर बघत राहिलो.

"दोन," बाहेरून एजेंचा आवाज आला. मग जरा मोठ्याने, "दोनच रे, जूसुप!"

बाहेर एकच गलका झाला. एल्दियारने त्या वेळापत्रकाचा चोळामोळा करून खिशात कोंबला आणि आपांना मिठी मारली. एजे मात्र गलक्यातून निघून आत आल्या आणि मान वर करून उभ्या राहिल्या.

"काय झालं, एजे?"

"काही नाही. इतकी वर्षं ठोकळेच फोडले रे. ज्या इमारतींसाठी फोडले, त्यांतली एकही पाहिली नाही."

त्यांचा हात वर पोचत नव्हता. मी बादली पालथी घातली. त्या तिच्यावर चढल्या, हातमोजा काढला आणि उघडा तळवा स्लॅबला लावला. किती तरी वेळ तसाच ठेवला. बादली हलू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.