दफनभूमीच्या चढावरचा फवारा

सान्तियागोच्या दफनभूमीजवळच्या चढावर अर्धी आळी गोळा झाली होती. मधोमध एनेइदाची त्रेपन्न सालची अमेरिकन टॅक्सी, तिचं बॉनेट उघडं, आणि बॉनेटपुढे आळीतला मांत्रिक एवेलियो. तोंडात चिरूट, गळ्यात मण्यांच्या माळा आणि चेहऱ्यावर स्वर्गाची दारं आपणच उघडतो असा भाव.

"बघा, पाणी कसं गप्प आहे! आता मेलेल्याला हाक मारतो. रिगोबेर्तो, बाहेर ये!"

त्याने इंजिनावर रमची चूळ फुर्रकन उडवली, फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं, आणि उकळत्या पाण्याचा फवारा पुरुषभर उंच उडाला. बायका किंचाळल्या. दोघातिघांनी टोप्या काढल्या.

एनेइदा जागची हलली नाही. जाणार तरी कुठे? रिगोबेर्तो तिचा नवरा. सहा महिन्यांपूर्वी गेला, आणि गेला त्याच सकाळी ती त्याच्याशी भांडली होती. आता तीन महिने झाले, टॅक्सी गावभर गुमान धावायची, पण त्याच्या थडग्याजवळच्या या चढाला लागली की तापमानाचा काटा लालमध्ये. उतारू बसेनासे झाले. गाडी सोडावी तर खायचं काय? ठेवावी तर रोज नवऱ्याचा राग पाहायचा. बिचारीची दोन्हीकडून कोंडी झाली होती.

"तो तुझ्यावर खवळलाय," एवेलियो म्हणाला. "आजच गाडी माझ्या अंगणात लाव, किल्ल्या माझ्याकडे दे. मेलेल्याला मी सांभाळतो."

"आणि गाडीला कोण? तुमचा पुतण्या?" गर्दीतून झेनाइदाबाई पुढे आल्या. शाळेत चाळीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. "टॅक्सी चालवायला शिकतोय म्हणे."

लोक हसले. बाईंनी इंजिन थंड होऊ दिलं, पाणी भरवलं, झाकण घट्ट लावलं आणि एवेलियोलाच स्टिअरिंगमागे बसवलं. चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना.

"द्या अ‍ॅक्सिलरेटर, चढावर देतात तसा. एनेइदा, तू वाक आणि रेडिएटरची खालची नळी बघत राहा."

काटा लालमध्ये गेला. बाईंनी एनेइदाला मागे ओढलं, फडकं हातात घेतलं.

"मी माझ्या बोक्याला बोलावते. कानेलो, बाहेर ये!"

तसाच फवारा, तितकाच उंच. समोरच्या भिंतीवर झोपलेल्या कानेलोने एक डोळा उघडून मिटला.

"कुकरात घेवडा शिजवता ना रोज? झाकण बंद असलं की दाबामुळे पाणी खूप तापूनही उकळत नाही. दाब सोडा, एकदम उसळतं. त्याला कोणाचंही नाव चालतं! एनेइदा, तुला काय दिसलं?"

"नळी, बाई. इंजिन रेटलं की चपटी व्हायची."

"मऊ आहे ती. पंपाने जोरात ओढलं की बसते, मग पाणी फिरत नाही. सपाटीवर ओढ कमी, या चढावर जास्त. नळीला आतून ताठ ठेवणारं तारेचं वेटोळं कुठंय?"

एनेइदा ओशाळली. तीन महिन्यांपूर्वी जुनी नळी फुटली तेव्हा तिनेच गोठ्यातल्या पाइपचा तुकडा बसवला होता. वेटोळं चांगलं होतं, आणि चांगली वस्तू आपल्याकडे कोण फेकतं?

"स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्यावर पडदा लावलाय." मग तिने विचारलं, "म्हणजे रिगो रागावला नव्हता?"

"अगं पोरी, नवरा-बायको भांडतातच. त्याने रेडिएटर तापत नाही."

एनेइदा तिथेच रस्त्यावर बसून रडली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

एवेलियो हळूच उतरू पाहत होता. पण त्या गाडीचं दार आतून उघडत नाही. "एनेइदा, जरा उघड ना," मघाशी किल्ल्या मागणारा विनवत होता.

"लोकहो," बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी हात जोडायच्या आधी जरा वाकून खाली बघत जा. एवढंच मागते."

दुसऱ्या दिवशी एनेइदाच्या खिडकीला पडदा नव्हता. गाडी उतारूंनी भरून चढ चढली, काटा जागचा हलला नाही. उतारू उतरल्यावर ती परत आली आणि दफनभूमीच्या दारात थांबली. आज इंजिन तिने स्वतः बंद केलं होतं. भांडणात जे बोलायचं राहून गेलं, ते सांगायला ती आत गेली.