कोयता ठेवायला किती लागतात

दसऱ्याच्या चार दिवस आधी मुकादम सुंदरराव टोळीची नावं लिहायला आला, तेव्हा मनकर्णाबाईनं पहिल्यांदाच नाही म्हटलं. चौतीस हंगाम ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. गेल्या वर्षी मात्र डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना गुडघा मुडपला आणि ती मोळीसकट खाली आली. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, आता कोयता ठेवायचा.

मुकादम गेल्यावर तिच्या नवऱ्यानं, बिभीषणनं विचारलं, मग खायचं काय. मनकर्णाबाईनं ते आधीच मोजून ठेवलं होतं. रेशनचं धान्य सोडून किराणा, दळण, वीजबिल, त्याच्या बीपीच्या गोळ्या, सगळं धरून महिन्याला साडेतीन हजार. बचत गटात तिचे बावीस हजार होते आणि दारात अकरा शेळ्या. वर्षाला सहा-सात बोकडं विकली, तर मुद्दलाला हात न लावता भागत होतं.

"अन किती वर्सं जगायचं धरलंस?" बिभीषणनं विचारलं.

ते तिनं धरलंच नव्हतं. त्या दिवसापासून तिला नीट झोप लागेना.

सरकार म्हाताऱ्यांना देतं तो निराधारचा पगार मिळतो का बघायला ती तालुक्याला, आष्टीला जाऊन आली. पासष्टी केव्हाच उलटली होती, पण आधार कार्डावर तिचं वय चोपन्न निघालं. कार्ड काढणाऱ्यानं अंदाजानं जन्मसाल टाकून दिलं होतं. पगाराला पासष्ट पुरी लागतात, अकरा वर्षांनी या, असं तिला सांगण्यात आलं.

परतीचा पाऊस आलाच नाही. पौषात विहिरी आटल्या, गावात टँकर सुरू झाला. पुढं चारा छावणी उघडली, पण तिथं गाई-बैलच घेत होते. ज्याच्या त्याच्या शेळ्या बाजारात आल्या आणि सहा हजारांची शेळी अडीच हजारांना जाऊ लागली. मनकर्णाबाईनं एकेक करत सात विकल्या. निम्मे पैसे उरलेल्या चार शेळ्यांच्या चाऱ्यात गेले.

मग एका सकाळी बिभीषणनं बोचकं बांधलेलं तिला दिसलं. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला अर्धा कोयता म्हणून घ्यायला मुकादम तयार झाला होता. टोळी माजलगावकडं, सहकारी कारखान्याच्या उसात होती.

"तू ऱ्हा घरी," तो म्हणाला. "हाय त्यात एकीचं भागंल."

तो गेल्यावर तिनं पुन्हा मोजलं. एकटीचा किराणा, एकटीचं दळण. शेळी न विकता दिवाळीपर्यंत निभत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हिशेब जुळला, तो खाणारं एक तोंड कमी झालं म्हणून. आता तोडायचं त्यानंच, बांधायचं त्यानंच आणि मोळ्या वाहायच्याही त्यानंच.

फोनवर तो सगळं बरं आहे म्हणायचा. गोळ्या घेता ना विचारलं, तर घेतो म्हणायचा. पंधराव्या दिवशी कोनाडा झाडताना तिला गोळ्यांची दोन पाकिटं सापडली. महिन्याभराच्या तीन पाकिटांतलं एकच त्यानं नेलं होतं.

तिनं शेळ्या शेजारच्या कडूबाईच्या हवाली केल्या आणि एसटी धरली. तोड चालू होती त्या फडावर पोचली तेव्हा बिभीषण बांधावर बसून होता. दोनदा चक्कर येऊन पडल्याचं त्यानं तिला सांगितलं नव्हतं, ते टोळीतल्या बाकीच्यांनी सांगितलं. सुंदररावाला गाठून तिनं झालेल्या दिवसांचे पैसे मागितले.

"हंगाम मधीच टाकून चाललाव व्हय?" सुंदरराव म्हणाला. "खाताव काय मंग?"

"हाय तेवढं दोघं मिळून खाऊ," ती म्हणाली. "सरलं की बघू."

त्यानं कुरकुर करत सव्वाचार हजार मोजून दिले.

एसटीत खिडकीशी बसल्यावर बिभीषणनं विचारलं, कुठवर पुरतील. पोळ्यापर्यंत, ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. तो झोपला आहे की नुसताच टेकून आहे, हे बघत ती आष्टीपर्यंत जागी राहिली.