बोहल्यावरचा घुमट

कोंडीरामांना घुमट हवाच होता. वाशीच्या रस्त्याला त्यांनी मंगल कार्यालय बांधलं, सपाट स्लॅब पडून घट्ट झाला, आणि मग मोबाईलवर कुठल्याशा परदेशी महालाचा फोटो बघून गृहस्थ हट्टाला पेटले. स्लॅब फोडायचा तर इमारतच जायची. तेव्हा येडशीकडच्या मेंढपाळ बिरूची लेक मोनिका पुढं झाली. पोरगी चित्रकला शिकून आलेली. म्हणाली, "अण्णा, घुमट बांधायचा न्हाय, रंगवायचा."

कॉलेजात तिनं तीनेकशे वर्षांपूर्वीच्या, बरोक काळातल्या, रोममधल्या एका चर्चचं छत चित्रात पाहिलं होतं. तिथंही घुमट बांधायचा राहून गेला, म्हणून चित्रकारानं सपाट कापडावर खांब, कमानी, झरोके असे रंगवले, की खालच्याला छत उंच उघडल्यासारखं वाटावं. गोम एवढीच, की ते खरं दिसतं एकाच जागेवरून. ती जागा तिथं फरशीत गोल दगड बसवून दाखवलेली आहे. आपल्या घुमटासाठी मोनिकानं जागा निवडली ती बोहल्यावरची, नवरा-नवरी उभी राहतात तिथली. ज्यांचं लग्न, त्यांनाच मान. पोरीनं जीव ओतून काम केलं आणि चुकली ती नेमकी इथं.

कार्यालयातलं पहिलं लग्न कोंडीरामांच्या लेकीचं, राजेश्वरीचं. हळदीच्या दुपारी नवऱ्याकडची मंडळी आली. सगळ्यांत पुढं नवऱ्या मुलाची थोरली आत्या मथुराबाई. मानेला पट्टा, पण आवाज खणखणीत. दारातच थबकल्या नि ओरडल्या, "अगं आई! पडतंय की ते! बोहल्यावरच कलंडलंय!"

सगळ्यांनी पाहिलं. दारातून घुमट खरंच तिरका दिसत होता. सगळे खांब एका अंगाला झुकलेले, आता कोसळतात की मग अशा बेतात. एक बाई लेकरू उचलून बाहेर पळाली. 'अपशकुन' हा शब्द पहिल्यांदा कोण बोललं कळलं नाही, पण तो खुर्च्यांच्या रांगांतून फिरला आणि नवऱ्याचे वडील मुकाट्यानं चपला शोधू लागले.

कोंडीराम घाबरून रंगाऱ्यावर ओरडले, "बजरंग! परांची लाव. पांढरा रंग मार त्येच्यावर. आत्ताच्या आत्ता!"

"अण्णा, एकदा बोहल्यावर उभं राहून बगा," मोनिका गयावया करू लागली. "तिथनं सरळ दिसतंय."

"तिथं दोन माणसं उभी राहत्यात, पोरी. बाकीचा गाव कुठं बसतोय? आन् ती दोघं तरी वर बगत्यात व्हय? समोर अंतरपाट आसतोय, नवरीची मान खाली आसती!"

मोनिकाला चूक उमगली. लहानपणापासून ढीगभर लग्नं जेवलेल्या पोरीला एवढं सुचू नये? सबंध कार्यालयात जिथं उभं राहून कुणीच वर बघत नाही, तीच जागा तिनं शोधून काढली होती. तरीही तो घुमट पुसला जाताना बघवणार नव्हता तिला.

बजरंग बादली घेऊन परांची चढू लागला. फळ्या करकरल्या.

तेवढ्यात हळदीनं माखलेली राजेश्वरी पाटावरून उठली आणि थेट बोहल्यावर गेली. तिथं उभं राहून तिनं मान वर केली. बराच वेळ तशीच राहिली.

"आत्याबाई, इकडं या," ती मोठ्यानं म्हणाली.

होऊ घातलेल्या सासरच्या वडीलधाऱ्या बाईला नवरीनं असं हाक मारून बोलवायचं! कोंडीरामांनी डोळेच मिटले.

मथुराबाई रागारागानं वर चढल्या. पण पट्ट्यामुळे मान काही मागं जाईना. दोनदा खटपट केली, वैतागल्या, आणि मग लुगडं सावरत बाई सगळ्यांदेखत बोहल्यावर चक्क आडव्या झाल्या.

बजरंगचा रोलर छतापासून वीतभर अंतरावर थांबला. पांढऱ्या रंगाचा एक थेंब बाईंच्या कानाशेजारी टपकला, तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी नवऱ्याचे वडील घाबरून धावले, "आक्का? ए आक्का!"

"गप रे. सरळ हाय हे. लई उंच हाय. वर उजेडबी हाय." मग त्यांचा आवाज उतरला. "माझ्या लग्नात म्या निस्ती पायाच्या बोटांकडं बगत हुते. अंतरपाट सरला तवा नवराबी आदी पायाकडनंच दिसला. वर काय हुतं, मला आजवर ठावं न्हाय."

कोंडीराम नवऱ्याच्या वडिलांकडं बघू लागले. ते हातातली चप्पल खाली ठेवत होते.

"ए रंगवाल्या, उतर खाली," मथुराबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या. "बाकीच्यास्नी तिरकं दिसंल तर दिसू दे. लगीन काय त्यांचं न्हाय."

मोनिका बोहल्याच्या पायरीवर मटकन बसली आणि रडू लागली. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मथुराबाईंनी राजेश्वरीचा पिवळा हात धरला होता.

"उद्या मान खाली घालू नगंस, पोरी. कुणी बोललं तर माझं नाव सांग."